पेटीला रंग लावण्याआधी

वसई पश्चिमेला गिरीजमध्ये, वज्रगडाच्या हिराडोंगरीच्या आसपास, केळीच्या आणि नारळाच्या वाड्यांतून अजूनही एखादं कौलारू घर डोकावतं. असं घर पाडून तिथं इमारत उभी करायची ठरली, की सगळ्यात आधी बाहेर पडतं ते लाकूड. वासे, चौकटी, दारं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडं जातात, कपाट एखादा नातेवाईक मागून नेतो. माळ्यावरची लाकडी पेटी मात्र सगळ्यांना पेचात टाकते. ठेवणीतली लुगडी, जमिनीचे कागद, लग्नातली भांडी अशी तीन पिढ्यांची चीजवस्तू तिनं सांभाळलेली असते. नव्या फ्लॅटमध्ये तिला जागा नसते आणि भंगारात घालायला मन धजावत नाही.

रेल्वेमार्गाच्या पूर्वेला वेगळंच चित्र आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहानमोठे कारखाने दाटीवाटीनं उभे आहेत. तिथं येणारी यंत्रं आणि सुटे भाग लाकडी खोक्यांतून, लाकडी पॅलेटवरून येतात. माल उतरला की खोकं रिकामं. ते भंगारवाल्याकडं जातं आणि तिथून हौशी माणसाच्या घरी येतं.

माळ्यावरची पेटी आणि कारखान्यातलं खोकं, दोन्हींचा शेवट हल्ली एकाच वाक्यात होतो : ‘रंगवून काढू, मस्त दिसेल.’ मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघितलेला असतो. त्यात एक बाई ब्रश फिरवते आणि कळकट पेटी पुदिन्याच्या रंगाची होऊन झाडाच्या कुंडीशेजारी जाऊन बसते. त्या दोन मिनिटांत न दिसलेली जी कामं असतात, त्यांवर पेटीचं पुढचं आयुष्य ठरतं. त्यातलं पहिलं काम म्हणजे ही पेटी रंगवायची आहे का, हे ठरवणं.

सागाची असेल तर सहसा नाही. पेटी उलटी करून तळाच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाकूच्या टोकानं थोडं खरवडावं. आतून सोनेरी-तपकिरी रंग, बोटाला किंचित तेलकट स्पर्श आणि कमावलेल्या चामड्यासारखा वास आला, की साग समजावा. याच तेलकटपणामुळं सागाला वाळवी सहजासहजी लागत नाही आणि याच तेलकटपणामुळं त्यावर रंगही नीट धरत नाही. वसईत सागाचं मोल फार जुनं आहे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगीज इथं होते, त्या काळात वसईला सागाची जहाजं बांधली जात. अशा गावातल्या जुन्या पेटीवर पिस्ता रंगाचं इनॅमल फासणं हा लाकडाचा अपमान आहे, निदान अस्मादिकांचं मत तरी असं आहे. तिला साफ करून पॉलिश केलं तरी पुरे. पेटी खरोखरच शंभर वर्षांहून जुनी आणि कोरीव कामाची वाटत असेल, तर ब्रश खाली ठेवून जाणकाराला दाखवावी. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाच्या आणि किमान शंभर वर्षं जुन्या वस्तू पुरावस्तू ठरतात. त्या खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापारालाही परवाना लागतो.

आंबा, फणस, देवदार किंवा सुतार ज्याला नुसतं ‘जंगली लाकूड’ म्हणतात त्याची पेटी असेल, तर रंगाला खुशाल हात घालावा. या लाकडांना रंगानं खरोखरच रूप येतं.

कारखान्यातून आलेल्या खोक्याची चौकशी निराळी. त्याच्या बाजूला जळक्या रंगाचा एक शिक्का असतो. चौकटीत गव्हाच्या ओंबीसारखी खूण, देशाची दोन अक्षरं, एक क्रमांक आणि शेवटी आणखी दोन अक्षरं. लाकडातून एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारांतर्गत एक मानक ठरलं, त्याचा हा शिक्का. शेवटची अक्षरं ‘एचटी’ असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आहे. ‘एमबी’ असतील तर त्याला मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली आहे. हा वायू विषारी आहे. त्यातला बराचसा उडून जातो हे खरं, पण भंगारात एचटीची खोकी ढिगानं मिळत असताना एमबीचं खोकं मुलांच्या खेळण्यांसाठी घरी आणण्याचं काही कारण नाही. शिक्क्याइतकंच डागांकडंही बघावं. तेलाचे, रसायनांचे काळपट डाग पडलेलं खोकं कितीही घासलं तरी डाग रंगातून वर येतात, आणि खोक्यात काय सांडलं होतं हे सांगायला कुणी हजर नसतं.

जुन्या घरातली पेटी आधीच रंगवलेली असेल, तर तिथं खरा धोका दडलेला असतो. पूर्वीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल छटांमध्ये, शिशाची संयुगं सर्रास वापरली जात. रंग चटकन सुके, चमके आणि टिके. शिसं शरीरात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. किती शिसं चालेल, याची सुरक्षित पातळीच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर नियम आला २०१६ साली. १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त शिसं असलेले रंग बनवायला बंदी झाली. त्याआधी रंगवलेली प्रत्येक पेटी संशयित धरलेली बरी.

संशयित पेटी सुकी घासायची नाही. हौशी माणूस नेमकं उलटं करतो : गॅलरीत बसून, पंखा लावून, सुक्या पॉलिशपेपरनं खसाखसा घासतो आणि ती भुकटी घरभर होते. पाणी मारत, पाण्यातला काळा पॉलिशपेपर वापरावा, खाली प्लास्टिक अंथरावं, तोंडाला नुसता रुमाल न बांधता धुळीचा चांगला मास्क लावावा आणि मुलांना लांब ठेवावं. खरवडलेला रंग कागदात बांधून टाकावा, झाडाच्या कुंडीत नव्हे. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो काढण्याच्या भानगडीत न पडता वरवर ओला घासून त्यावरच अस्तर द्यावं. शिसं आतच गाडलेलं राहतं. रंग जाळून काढण्याची पद्धत तर साफ विसरावी, कारण त्यात शिशाचा धूर होतो.

मग कीड. पेटीखाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असली, तर आत भुंगेरे आहेत. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. भुकटी ताजी आहे की जुनी, हे कळायला पेटी झटकून कोऱ्या कागदावर ठेवावी. आठवडाभरात पुन्हा पीठ पडलं तर किडा जिवंत आहे. आपल्याकडं रॉकेल ओतण्याचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यानं किडा मरेलही, पण लाकूड तेलकट होतं, रंग धरत नाही आणि पेटीचा वास महिनोन्‌महिने जात नाही. बोरॅक्स आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून उघड्या लाकडाला दोनतीनदा पाजणं, भोकांत सिरिंजनं सोडणं आणि मग पूर्ण वाळू देणं, हे जास्त शहाणपणाचं. मात्र हे औषध उघड्या लाकडातच मुरतं. रंगावर ओतून काही उपयोग नाही.

वाळू देणं, इथं वसईची हवा आडवी येते. पावसाळ्यात या किनारपट्टीवर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. लाकूड ते पाणी पितं आणि रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. म्हणून जुलैमध्ये पेटीचं झाकण अडकतं आणि जानेवारीत तेच झाकण खुळखुळतं. फुगलेल्या लाकडावर रंग दिला, की लाकूड आक्रसताना सांध्यांवर रंग तडकतो. तैलरंग नुसता उडून सुकत नाही. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन तो घट्ट होतो, आणि ओल्या हवेत त्याची चमक मरते. लाखेचं पॉलिश तर दमट दिवशी चक्क पांढरं पडतं. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळ्याच्या कोळ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. मासेमारी बंद असलेल्या जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, तरी डागडुजी आणि रंगकामासाठी ते उघडीप साधतात. पेटीवाल्याला तर पोटाची घाई नाही. त्यानं नोव्हेंबर ते मे हा काळ धरावा.

लाकूड रंगवण्याची रीत महाराष्ट्रात कुठं मुरली असेल, तर ती सावंतवाडीत. वसईचे हौशी लोक इंग्रजी व्हिडिओ बघतात ते बघोत, पण एकदा तळकोकणात जाऊन यावं. सावंत-भोसले राजघराण्याच्या आश्रयानं तिथं चितारी घराणी लाकडावर लाखकाम करत आली. गावातली चितारआळी आजही लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी ओळखली जाते. तिथल्या हलक्या खेळण्यांना पांगाऱ्याचं लाकूड लागतं. याच कारागिरांच्या हातून गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले पत्ते, उतरत. दशावतारी गंजिफेचा संच १२० पानांचा, दहा अवतारांची दहा घराणी आणि प्रत्येक घराण्यात बारा पानं. छापील पत्ते आले आणि हा धंदा बसत गेला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या जाणकारांपैकी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच लाखकामाचा कारखाना सुरू केला. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, पण राजवाड्याच्या दालनात कलाकार आजही मांडी घालून बसलेले दिसतात. समोर पेट्या, पाट, बुद्धिबळाचे पट, मेणबत्त्यांची घरं मांडलेली असतात.

तिथं घटकाभर उभं राहिलं तरी एक गोष्ट लक्षात येते. मत्स्यावताराच्या शेपटीवरची खवलं काढायला कलाकाराचा हात जेवढा वेळ घेतो, त्याहून कितीतरी जास्त वेळ त्या खवल्यांखालच्या जमिनीला दिलेला असतो. गंजिफेच्या जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, त्यावर खडूच्या भुकटीचे लेप द्यायचे, गुळगुळीत दगडानं घोटायचं आणि मग कुठं रंग. शेवटी लाख. चितारी त्या घोटलेल्या पृष्ठभागाला ‘जमीन’च म्हणतात.

घरच्या पेटीला चिंचोके दळत बसायची गरज नाही. पण जमीन करावीच लागते.

पेटी सुटी करण्यापासून सुरुवात होते. बिजागऱ्या, कडी-कोयंडा, कोपऱ्यांच्या पट्ट्या उतरवायच्या. जुन्या स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला असतो. तो खिळ्याच्या टोकानं आधी कोरून काढला नाही तर पेचकस घसरतो आणि खाच कायमची जाते. गंजून बसलेल्या स्क्रूवर मशीनच्या तेलाचा थेंब टाकून रात्रभर थांबावं. कुठली बिजागरी डावी, कुठली उजवी हे मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवावं, कारण जुन्या पेटीत दोन्हींचं माप सारखं असतंच असं नाही. पितळ असेल तर चिंच आणि मीठ कामाला येतं. लोखंड घासून, पुसून, लगेच कोरडं करावं.

खोलगट खड्ड्यांना लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरतात. सुताराची ही युक्ती बाजारातल्या कुठल्याही ट्यूबपेक्षा भरवशाची, फक्त भुसा बारीक चाळलेला हवा. उथळ खरचटे लांबीनं भरायचे. वाळलं की ८० नंबरच्या पॉलिशपेपरपासून १२० आणि २२० पर्यंत चढत जायचं, आणि घासायचं ते रेषेच्या दिशेनं. आडवं घासलेले ओरखडे अस्तराखाली लपतात आणि चकचकीत रंगाचा शेवटचा हात दिला, की सगळे एकदम वर येतात.

अस्तराच्या आधी चपडीचा एक पातळ हात. ही खोक्यांसाठी सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी. देवदाराच्या गाठींतून राळ झिरपते, जुन्या खिळ्यांतून गंज उतरतो, आंब्याच्या लाकडातून तपकिरी पाणी सुटतं. पांढऱ्या रंगावर महिन्याभरात पिवळे चट्टे दिसले तर ते बहुधा याच कारणानं. चपडी ही लाखच. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या चिमुकल्या कीटकांनी स्रवलेली. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम इथं १९२४ सालीच संस्था उभी राहिली आणि देशातली बरीचशी लाख आजही झारखंडातून येते. हार्डवेअरच्या दुकानातून चपडीचे पापुद्रे आणायचे, पॉलिशच्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायचे, गाळून घ्यायचं. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून, विस्तवापासून लांब बसून, झरझर हात फिरवायचा. स्पिरिट काही मिनिटांत उडतं आणि डाग चपडीच्या खाली कोंडले जातात.

त्यानंतर अस्तर, हलका घास आणि रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात म्हणजे वेळेची बचत नव्हे, ओघळांची हमी. इनॅमल घ्यावं की पाण्यातला रंग, यावर रंगाऱ्यांची आणि हौशी लोकांची कधी एकवाक्यता होणार नाही. इनॅमल टणक, पुसायला सोपं, पण वास मारणारं. पाण्यातला ॲक्रिलिक रंग बिनवासाचा, लवकर सुकणारा, पण त्याला वरून रोगणाचं संरक्षण लागतं. सध्या ज्याची फॅशन आहे तो खडूसारखा मॅट रंग ॲनी स्लोन या ब्रिटिश बाईंनी १९९० मध्ये बाजारात आणला. तो घासकाम टाळतो अशी त्याची ख्याती. आपल्याकडं ॲक्रिलिक रंगात खडूची भुकटी किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिस मिसळून घरगुती नकला होतात. दिसायला त्या छान दिसतात. पण वरून मेण किंवा रोगण दिलं नाही, तर वसईच्या पहिल्याच पावसात ओल्या हाताचे ठसे त्यावर उमटतात.

नक्षीच्या बाबतीत पालघर जिल्ह्यात राहणाऱ्याला लांब जायला नको. वारली चित्रांना डहाणूजवळच्या जिव्या सोमा मशे यांनी जगभर पोचवलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. पेटीवर गेरूची जमीन आणि पांढऱ्या रेषा खुलतात, यात शंका नाही. तरी एक पथ्य पाळावं. लग्नात सवासिनी भिंतीवर जो चौक लिहितात, ज्यात पालघट देवी असते, तो पूजेचा आहे. खेळण्यांच्या खोक्यावर तो चितारू नये. तारपा नाच, शेतीची कामं, झाडं, पक्षी एवढं भांडार उघडं असताना देवीलाच पेटीवर बसवण्याची गरजही नाही. नॉर्वेत जुन्या काळी लग्नाच्या पेट्यांवर फुलांच्या वेलबुट्टीबरोबर मालकिणीचं नाव आणि साल रंगवत. ही पद्धत उचलण्यासारखी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला घराचं नाव, गाव आणि मूळ पेटी कुणाची हे लिहिलं, तर पुढच्या पिढीचा एक वाद वाचतो.

आतल्या बाजूचा विषय निघालाच आहे. पेटी आतून इनॅमलनं रंगवू नये. बंद जागेत तो वास महिनोन्‌महिने कोंडून राहतो आणि कपड्यांना लागतो. आत चपडीचा हात पुरेसा असतो. औषधाच्या गोळ्यांवर आणि गोळ्या-चॉकलेटांवर चकाकीसाठी शुद्ध लाखेचाच थर असतो, त्यावरून तिचा निरुपद्रवीपणा कळावा. झाकण आणि पेटी जिथं टेकतात त्या कडेवरही रंग देऊ नये. दमट हवेत रंगावर रंग चिकटतो आणि झाकण उघडताना पापुद्रा निघतो. दिलाच असेल तर मेणबत्ती फिरवावी. मुलांच्या पेटीला झाकण हळू मिटणारी पट्टी बसवावी आणि मागं दोन भोकं पाडावीत, कारण पेटीत लपून बसणं हा मुलांचा लाडका खेळ आहे.

इनॅमल दुसऱ्या दिवशी बोटाला सुकं लागतं, पण आतून घट्ट व्हायला त्याला दोनतीन आठवडे लागतात. तोवर वर फुलदाणी ठेवली तर तिचं बूड रंगात रुततं. म्हणजे वाळवणं, औषध, पुन्हा वाळवणं, लांबी, चपडी, अस्तर, रंग आणि हा मुरण्याचा काळ धरला, तर दीडदोन महिने हाताशी हवेत. गणपतीत मखराशेजारी पूजेचं सामान ठेवायला पेटी हवी असेल, तर ती एप्रिलमध्येच उन्हात निघालेली बरी. गिरीज-निर्मळच्या घरांत नाताळच्या गोठ्याखाली मांडायची असेल, तर पाऊस पुरता ओसरला की ऑक्टोबरच्या मध्यावर पेचकस हातात घ्यावा.